घरातली प्रत आणि दाराबाहेरची प्रत

खंडेनवमीला आमच्या देवघरासमोर जी रांग लागते तिच्यात विळी, कोयता, आईची शिवणाची कात्री, मुलीची पुस्तकं आणि माझं पेन असतं. गेली काही वर्षं त्या रांगेत तळहाताएवढी एक काळी डबीही असते. ती कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. पहिल्या वर्षी आईनं तिच्यावर कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, तेव्हा पत्नीला हसू आवरेना. ती धारवाडची. ''इदक्कू आयुधपूजेना?'' तिनं विचारलं. आईनं शांतपणे उत्तर दिलं, ''असू दे गं. ही तेव्हा घरात असती तर सासूबाईंचा आवाज गेला नसता.''

आईच्या त्या एका वाक्यामागे आमच्या घरातली एक चूक आहे. दुसरी एक चूक माझी एकट्याची आहे, कॉलेजातली. पहिल्या चुकीत जिथं प्रत करून ठेवायला हवी होती तिथं ती केली नाही. दुसरीत जिथं प्रत वाटायला नको होती तिथं ती वाटली. आज घरोघरी मोबाईल, पेन ड्राइव्ह आणि गाण्यांची ॲप्स आहेत. या दोन चुका आपल्यापैकी बहुतेकांकडून कधी ना कधी घडतात. म्हणून थोडा संकोच बाजूला ठेवून दोन्ही सांगतो.

आजीची कॅसेट

आजीचं माहेर गोकाकच्या बाजूचं. जात्यावर बसली की मराठी ओवी म्हणता म्हणता ती कधी कानडी बीसुकल्लिन पदात शिरायची ते तिचं तिलाही कळायचं नाही. १९८९ साली अण्णांनी टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून तिच्या ओव्या साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर उतरवून घेतल्या. त्यात जात्याची घरघर होती, गल्लीतल्या भाजीवालीची हाक होती आणि मध्येच भूक लागली म्हणून कुरकुरणारा माझा आवाजही होता.

आजी गेल्यानंतर, २००८ साली, मी ती कॅसेट वायर जोडून कॉम्प्युटरवर घेतली. त्या दिवशी सगळं घर कॉम्प्युटरभोवती बसून ऐकत होतं. ''आता हे कायमचं झालं,'' असं मीच अण्णांना सांगितलं. पुढे घराची रंगरंगोटी निघाली तेव्हा जुन्या कॅसेटींची पेटी रद्दीवाल्याला गेली. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हटल्यावर कॅसेट हवी कशाला?

२०१४च्या पावसाळ्यात विजेची ये-जा सुरू असताना कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्यानं डिस्क कानाशी धरली. आतून टकटक असा आवाज येत होता. त्यानं मान हलवली. ती डिस्क पुण्याला पाठवून पाहिली, तिथूनही काही हाती लागलं नाही. मुलीच्या बारशाचे फोटो गेले. त्यातले काही नातेवाइकांकडून परत मिळाले. आजीच्या ओव्या मात्र कुणाकडेच नव्हत्या. अण्णांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कवीचं पुस्तक

दुसरी गोष्ट २०१७ची. आमच्या भागातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकानं स्वतःच्या खर्चानं पाचशे प्रतींचा कवितासंग्रह छापला होता. किंमत साठ रुपये. मला तो मनापासून आवडला. वर्गात स्थानिक बोलीविषयी शिकवताना त्यातल्या कविता उपयोगी पडतील असं वाटलं. मी एक प्रत विकत घेतली, मोबाईलनं पानन् पान टिपलं, पीडीएफ केली आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात टाकली. गटात बासष्ट मुलं होती.

वार्षिक संमेलनाला मीच त्या कवींना पाहुणे म्हणून बोलावलं. भाषण झाल्यावर मुलांनी त्यांना सह्यांसाठी गराडा घातला. एका मुलीनं मोठ्या आनंदानं कागदांचा गठ्ठा पुढे केला. पीडीएफची प्रिंट काढून तिनं ती स्टेपल केली होती. कवींनी कागद उलटून पाहिले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. खाली ''शुभेच्छांसह'' असंही लिहिलं. नंतर चहा घेताना एवढंच म्हणाले, ''सर, पोरांनी वाचलं हे बरं झालं. घरी अजून चार गठ्ठे पडून आहेत. खाटेखाली ठेवलेत.''

बासष्ट मुलांनी साठ रुपये दिले असते तर ३,७२० रुपये झाले असते. माझ्या एका महिन्याच्या पेट्रोलचा खर्च त्याच्या जवळपास जातो. एका पेन्शनर माणसाच्या खाटेखालचा मात्र एक गठ्ठा कमी झाला असता.

मी पळवाट शोधली, हेही सांगायला हवं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी लावलेल्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं विद्यापीठाच्या बाजूनं कौल दिला होता. शिकवण्याच्या गरजेपुरत्या प्रती काढायला कायदा मुभा देतो, असा त्याचा आशय. तो निकाल मी मनात दोनतीनदा घोळवला. पण तिथे परदेशी प्रकाशकांच्या महाग पुस्तकांतले वेचे होते. माझ्याकडे साठ रुपयांचं अख्खं पुस्तक होतं आणि ते विकत घेणं कुणालाच जड नव्हतं. कायदा कदाचित माझ्या बाजूनं उभा राहिलाही असता. पण चहाच्या टेबलावर समोर कवी बसले होते, त्यांना ते कलम वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही.

विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं?

कॅसेटच्या काळात हा प्रश्न सोपा होता. दुकानातून भीमसेन जोशींच्या अभंगांची कॅसेट आणली की ती आपली. शेजाऱ्याला द्या, मुलीच्या रुखवतात ठेवा, जुनी झाली की विका. गाण्याचा हक्क कंपनीकडे राहायचा, पण ती वस्तू आपली असायची.

आता 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण आपण दाबतो तेव्हा बहुतेक वेळा वस्तू हाती येत नाही, मिळतो तो वापराचा परवाना. या परवान्याला अटी असतात. २००९ साली ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. ज्यानं त्या विक्रीला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते, असं कारण होतं. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण अभ्यासासाठी टिपणं करून ठेवलेल्या एका विद्यार्थ्याच्या टिपणांना आधारच उरला नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीनं मिटलं. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत देण्यात आले, पुस्तकं मात्र गेली.

आपल्याकडचं उदाहरण फ्लिपकार्टच्या 'फ्लाइट' या गाण्यांच्या दुकानाचं. २०१२ साली ते सुरू झालं आणि २०१३ साली बंद झालं. पण तिथली गाणी कुलूप नसलेल्या एमपी-थ्री फाईलच्या रूपात मिळत. ज्यांनी ती उतरवून नीट जपली त्यांच्याकडे ती आजही वाजतात. दुकान बंद झालं तरी माल घरात राहिला. दरमहा वर्गणी भरून ऐकायच्या ॲपवर तसं नसतं. तिथे 'डाऊनलोड' केलेलं गाणंही वर्गणी थांबली की मुकं होतं. शिवाय अनेक सेवांच्या अटींनुसार खातं एका व्यक्तीपुरतं असतं, ते वारसाला देता येत नाही. वडिलांच्या पुस्तकांचं कपाट मुलाकडे येतं, वडिलांच्या खात्यातलं कपाट येईलच असं नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल 'विकत घ्या' म्हणून विकायचा असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. दुकानदारानं वजनकाटा ग्राहकाकडे तोंड करून ठेवावा, तसंच हे.

कायदा काय म्हणतो?

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. सामान्य घराच्या दृष्टीनं त्यातल्या तीनचार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

कलम ५२ नुसार खासगी, वैयक्तिक वापरासाठी केलेला रास्त वापर हा हक्कभंग ठरत नाही. अशा वापरासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवून ठेवणं हाही गुन्हा नाही. कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठी वेगळं पोटकलम आहे. तो कायदेशीररीत्या आपल्याकडे असेल तर हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून त्याची बॅकअप प्रत करता येते. सार्वजनिक वाचनालयाकडे एखादं पुस्तक छापील रूपात आधीपासून असेल तर जतनासाठी ते डिजिटल रूपात साठवायलाही २०१२च्या दुरुस्तीनं मुभा दिली.

दुसरी बाजूही आहे. कॉपीराइटचा भंग जाणूनबुजून केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हक्कभंग करण्याच्या हेतूनं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच २०१२च्या दुरुस्तीनं सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांना सिनेमागृहाबाहेरच्या वापरातल्या मानधनात समान वाटा दिला. म्हणजे गाणं फुकट उचललं तर फक्त 'मोठ्या कंपनीचं' जातं, हे म्हणणं आता तितकं खरं राहिलेलं नाही.

आमचं, आपलं आणि नम्म

मुलगी लहान असताना नवी वस्तू दिसली की विचारायची, ''हे नम्मदा?'' मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'आमचं' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपलं' म्हटलं की तोही आत येतो. कानडीत दोहोंना 'नम्म' हा एकच शब्द. घरात तो फार गोड वाटतो. डिजिटल मालाच्या बाबतीत मात्र आपण सगळीकडेच 'नम्म' म्हणून मोकळे होतो आणि तिथे गोंधळ सुरू होतो.

विकत घेतलेल्या सीडीवरची गाणी मी माझ्या मोबाईलमध्ये घेतली, गाडीतल्या पेन ड्राइव्हवर घातली, एक प्रत कपाटात ठेवली, तर ती घरातली प्रत झाली. पैसे एकदा दिले, ऐकणारी माणसं तीच. तीच गाणी मी तीनशे जणांच्या गटात टाकली की ती दाराबाहेरची प्रत झाली. दोन्ही वेळा बटण एकच दाबलं, कष्टही तेवढेच पडले. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी मी दुसऱ्याच्या मालाचा दानशूर झालो.

बाजारात पाचशे गाणी भरून मिळणारा पेन ड्राइव्ह, नव्या मराठी सिनेमाची दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर फिरणारी लिंक, परीक्षेच्या आधी येणारी गाईडची पीडीएफ या सगळ्या दाराबाहेरच्या प्रती. सिनेमागृहात चोरून चित्रण करण्याविरुद्ध २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायदा आणखी कडक झाला आहे. पण कायद्याआधी हिशोब पाहा. मराठी आणि कानडी सिनेमाचा प्रेक्षक हिंदीच्या मानानं थोडा. त्यातले थोडे जरी फुकटाकडे वळले तरी निर्मात्याचा पुढचा सिनेमा अडतो. मग 'आपल्या भाषेत चांगलं निघत नाही' म्हणून आपणच हळहळतो.

''पण सर, मिळतच नाही त्याचं काय?'' असं मुलं विचारतात. हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. 'सती सुलोचना' हा कानडीतला पहिला प्रदर्शित बोलपट १९३४ सालचा. तो तयार झाला आपल्या कोल्हापुरात, छत्रपती स्टुडिओत. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. देशातला पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) हाही असाच गेला. त्या काळी कुणी 'नियमबाह्य' म्हणून का होईना एखादी प्रत ट्रंकेत दडवून ठेवली असती, तर आज आपण त्याचे आभारच मानले असते.

म्हणून जे दुकानात नाही, कुठल्याच सेवेवर नाही, त्याची आपल्याजवळची जुनी प्रत जपणं मला चूक वाटत नाही. मात्र जपणं वेगळं आणि उधळणं वेगळं. बाजारात नाही याचा अर्थ मालक नाही असा होत नाही. लेखक किंवा त्याचे वारस बहुधा आपल्याच आसपास असतात. एक फोन करून विचारायला काय हरकत आहे? लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी तर साहित्य सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहेत. 'श्यामची आई'ची पीडीएफ खुशाल वाटा. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, द. रा. बेंद्रे १९८१ साली. त्यांच्या पुस्तकांसाठी अनुक्रमे २०३६ आणि २०४१ संपेपर्यंत थांबावं लागेल.

घरच्या ठेव्यासाठी

आता पहिल्या चुकीकडे वळतो, कारण तिच्यात कुणाचा हक्क आडवा येत नाही. घरचे फोटो, आवाज, पत्रं, जमिनीचे कागद यांच्या प्रती करायला कुणाची परवानगी लागत नाही. लागतो फक्त एक रविवार.

जाणकार मंडळी तीन-दोन-एकचा नियम सांगतात. एकूण तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. आमची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी त्या काळ्या डबीत आणि तिसरी धारवाडला मेहुण्याच्या कपाटात असते. त्याची डबी आमच्याकडे असते. नातं टिकवायला हेही एक निमित्त झालं.

मोबाईलमधले फोटो इंटरनेटवर आपोआप जातात म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळदा ती जोडणी अशी असते की इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. घरी भरलेल्या सीडी-डीव्हीडी काही वर्षांनी दगा देतात. आपल्या पावसात तर कॅसेट आणि व्हिडिओ टेपवर बुरशी धरते. ज्यांच्याकडे अजून कॅसेटी आहेत त्यांनी थांबू नये. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा घेतं, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट सहाशे एमबीत बसते. ऑडॅसिटीसारखा फुकट आणि कायदेशीर प्रोग्रॅम त्यासाठी पुरतो. काम झाल्यावर कॅसेट मात्र टाकू नका. तेवढा एक धडा माझ्याकडून घ्या.

दोन भाषांच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. जुन्या काळी श्रीलिपी, नुडी, बरहा अशा फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. वडिलांच्या आठवणी, संस्थेचे अहवाल, लग्नाच्या याद्या अशा फाईलींत अडकल्या असतील तर त्या युनिकोडमध्ये करून घ्या. फोटोंनाही नावं द्या, साल लिहा. नातवंडांना चेहरे ओळखू येणार नाहीत.

पुन्हा ते पुस्तक

२०१९च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात पुरानं काय केलं ते सांगायला नको. पूर ओसरल्यावर काही दिवसांनी त्या कवींचा फोन आला. घरात पाणी शिरलं होतं. खाटेखालचे गठ्ठे आणि हस्तलिखिताच्या वह्या, सगळ्याचा लगदा झाला होता. ''सर, तुमच्या मोबाईलात माझं पुस्तक होतं ना? आहे अजून?''

होतं. तीच पीडीएफ, जिच्यामुळे मी दोन वर्षं त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतो. तिच्यावरून आम्ही सगळा संग्रह नव्यानं टाइप केला, त्या वर्गातल्या चार मुलांनी हौसेनं मदत केली. २०२१ साली दोनशे प्रतींची दुसरी आवृत्ती निघाली. मी दहा प्रती रोख पैसे देऊन घेतल्या. कवी घेत नव्हते, मी ऐकलं नाही.

यावरून 'बघा, पायरसीचा उपयोग झाला' असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. माझ्या कपाटात एक प्रत असती तरी पुस्तक वाचलंच असतं. बासष्ट मुलांना वाटण्याची त्यासाठी काही गरज नव्हती. जपायची प्रत आणि वाटायची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या फोननंतर नीट कळलं.

यंदाच्या खंडेनवमीला आपल्याही रांगेत ती डबी ठेवा. हळद-कुंकू वाहण्याआधी मात्र एकदा ती कॉम्प्युटरला जोडून आतलं सगळं उघडतं का ते पाहा. नुसत्या पूजेनं ती चालत नाही.